मार्तंडरावांचा ळ

इंदूरच्या बर्तन बाजारात
दोन दुकानांच्या मधे चार फुटांचा ओटा,
ओट्यावर पोतं, पोत्यावर मार्तंडराव पिंपळे,
मांडीत कुणाचं तरी पातेलं.
टकटक, टकटक.
ठिपक्या-ठिपक्यांनी नाव उमटायचं
आणि भांडं एकदम कुणाचं तरी व्हायचं.

मी सहा वर्षांची. आईने पेला पुढे केला.
"मंजुळा घाला."
दुकानातला पोरगा म्हणाला, "मंजुला ना?"
शाळेच्या हजेरीत मी मंजुलाच होते,
रेशन कार्डातही.
मार्तंडरावांनी चष्मा कपाळावर सारला.
"दोन गोल आहेत पोरीच्या नावात.
एकावर भागवायचं नाही."

मग एका थंडीत त्यांचा उजवा हात गेला.
झटका आला, आणि हात मांडीवर पडून राहिला
परत न्यायला न आलेल्या भांड्यासारखा.

डाव्या हाताने सुरुवात केली
तूपडब्यांच्या झाकणांवर.
र पहिल्याच दिवशी आला.
क आठवड्यात.
ळ येईना.
एक गोल अंड्यासारखा, दुसरा फुटका,
कधी दोन्ही एकमेकांत शिरलेले.
सरूबाई रोज संध्याकाळी झाकणं भंगारात द्यायच्या,
दोनशे अकरापर्यंत मोजली, मग सोडलं.

लोक म्हणायचे, "पिंपलेजी, ल लिख दो,
कौन देखता है?"
वाकड्या झालेल्या तोंडाने ते सांगायचे,
"काळाचा काल होतो, भैया.
वेळेची वेल होते.
माणूस काळे म्हणून येतो
आणि काले होऊन जातो.
उद्या या."

किती जण उद्या आले, ठाऊक नाही.
बरेचसे समोर गेले,
तिथे विजेवर चालणारं यंत्र आलं होतं,
घर्र करून पाच मिनिटांत पूर्ण जेवणाचा सेट.

पण ळ आला.
पहिल्यासारखा नाही.
दुसरा गोल खालून जरासा उघडा,
घरात कुणीतरी आहे
आणि दार नुसतंच लोटलंय, तसा.
त्यानंतर वीस वर्षं तो तसाच राहिला.

पंचकुइयाच्या पावतीवर
कारकुनाने लिहिलं: मार्तंड पिंपले.
मी पर्समधून पेन काढलं.
मुलगा म्हणाला, "राहू द्या ताई, आता काय."
मी पेन परत ठेवलं.
हे मला अजून नीट सांगता येत नाही.
रिक्षात बसल्यावर उगाच आठवलं,
ओळख या शब्दाच्या पोटात
तेच अक्षर बसलेलं असतं.

तेराव्याला सरूबाईंनी पाणी दिलं.
मी पेला फिरवून पाहिला.
कोरा.
वाटी कोरी, ताटाची कड कोरी.
"ते म्हणायचे, आपल्या घरात आपलीच भांडी,
हरवायची कुठे?"

परवा भाचीच्या मुंजीत
मंडळाच्या मोरीत भांड्यांचा ढीग,
कुणी कुणाच्या स्मरणार्थ दिलेल्या पराती, पातेली,
देणारे गेले, ज्यांच्यासाठी दिली ते आधीच गेलेले.
घासणारी बाई, राऊची, नाव फूलवती,
एका परातीवर अंगठा थांबवून बसली होती.
"दीदी, ये चश्मे जैसा क्या बना है?"

मी वाकून पाहिलं.
कै. गोपाळ अनंत वाळिंबे.
दोन ळ. दोन्ही खालून जरा उघडे.
गोपाळ वाळिंबे कोण, मला माहीत नाही.
मी शेजारी उकिडवी बसले, शालू सावरत.
"जीभ मागे वळव. टाळूला लाव. आता सोड."
"ल."
"नाही. मागे."
"ल."
आतून कुणीतरी मला हाक मारत होतं, मंगलाष्टकं संपत आली होती.
"रड़," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली,
परात पुन्हा राखेने घासायला घेतली,
त्या दोन अक्षरांवरून जरा हलक्या हाताने,
तोंडातल्या तोंडात
जीभ मागे नेत.